तपासणीच्या यादीतली मुलं

शाळेच्या आठवणी निघाल्या की माणसं हळवी होतात. पाटी काय, दप्तर काय, डोळे लगेच ओले. माझं तसं होत नाही. मला शाळा आठवली की आधी राग येतो. इतक्या वर्षांत तो राग निवायला हवा होता असं माझी मुलगी म्हणते. का म्हणून निवायला हवा? मला तो निववायचाच नाही.

आमची शाळा म्युन्सिपालटीची, घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी. आम्ही राहायचो वर टेकडीवर, पत्र्याच्या खोल्यांत. ऐंशीच्या दशकात बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आईला आणि मला त्यांनी गावाला धाडलं, चिपळूणच्या पुढे. तिथे पहिली-दुसरी मी म्हणायला केली. शाळा दोन डोंगर पलीकडे, गुरुजी एकच, आणि काकीला तान्हं पोर. मी शाळेत जायची ती काकीचं पोर झोपलं तर. बाबांना विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमनचं काम लागलं तेव्हा आम्ही परत आलो. गावच्या शाळेने दाखल्यावर लिहून दिलं, दुसरी पास. झालं, इथे मला थेट तिसरीत बसवलं.

वर्गात आम्ही साठेक जण. वाचनाचा तास म्हणजे एका मुलीने पुढे उभं राहून ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून ओरडायचं. माझं पाठांतर जबरदस्त. महिन्याभरात मी झालेले सगळे धडे म्हणायला लागले. विहिरीचं चित्र आलं की हा धडा, बैलाचं चित्र आलं की तो धडा. मला खरंच वाटायचं की ह्यालाच वाचणं म्हणतात! मी कोणाला फसवत नव्हते हो. बोट ओळीवरून फिरवायचं आणि तोंडाने म्हणायचं, सगळे तेच करत होते. आई तर शेजारणींना बोलावून बोलावून ऐकवायची, "आमची पोर बघा कशी घडाघडा वाचतेय."

पहिल्या सत्राच्या परीक्षेत पितळ उघडं पडलं. आमच्या बाई नवीन होत्या, कोणाच्या तरी रजेच्या जागेवर आलेल्या. त्यांनी मला टेबलाशी बोलावलं, पुस्तक उघडलं आणि चित्रावर हात ठेवला. मी गप्प. त्यांनी हात काढला, मी सुरू. पुन्हा हात ठेवला, पुन्हा मी गप्प. तिसऱ्यांदा बाई म्हणाल्या, "अगं, तू चित्र वाचतेस की काय?" वर्ग हसला. मीही हसले, कारण त्यात वाईट काय ते मला कळलंच नव्हतं. कळलं ते प्रगतिपुस्तक घरी गेल्यावर. बाबांना थोडंफार वाचता यायचं. ते म्हणाले, "वार्षिकला नापास झाली तर सरळ गावाला पाठवू. इथे ठेवून उपयोग काय? काकीला तरी मदत होईल."

मदत म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पाणी, शेण, आणि काकीचं पोर, जे आता पळायला लागलं होतं, म्हणजे त्याच्या मागे दिवसभर धावायचं. त्या वयात मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. तिसरी पास व्हायचं आणि टेकडीवर राहायचं.

बाईंनी मला शेवटच्या रांगेत बसवलं. शेवटची रांग म्हणजे 'ढ' मुलांची, हे कोणी सांगावं लागायचं नाही. त्या रांगेतल्या सगळ्यांची नावं मोठ्या गुरुजींनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, एका कागदावर उतरवून नेली. यादी. त्या यादीचं पुढे काय होणार ह्याची आम्हाला कल्पना नव्हती.

दिवाळीनंतर बाईंनी एक नवीन खूळ काढलं. मोठे गुरुजी त्याला खूळच म्हणायचे. वर्गाचे गट पाडायचे, प्रत्येक गटाने आपल्या परिसराचा तक्ता करायचा. पुढच्या रांगेतला एक, मधल्या रांगेतला एक, शेवटच्या रांगेतला एक असे गट. आमच्या गटाची प्रमुख एक क्वार्टर्समधली मुलगी होती. तिचं अक्षर छापल्यासारखं. मधल्या रांगेतला मुलगा आमच्याच टेकडीवर, बुद्धविहाराच्या मागे राहायचा. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि तो चित्रं झकास काढायचा. आणि तिसरी मी. मला टेकडीवरची गल्ली न् गल्ली, नळ न् नळ माहीत होता, म्हणून आमच्या तक्त्याचं नाव ठरलं 'आमची टेकडी'.

बाईंचा नियम एकच होता, पण कडक. ज्याने माहिती आणली त्यानेच ती तक्त्यावर लिहायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

गटप्रमुख म्हणाली, "बाई, हिला कुठे येतंय? मी लिहिते ना हिचं."

"मग तिची माहिती तक्त्यावर येणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि टेकडीची माहिती तर तिच्याचकडे आहे. बघा बाबा तुमचं तुम्ही."

त्या दिवशी मला बाईंचा असा संताप आला होता की काय सांगू. पण खरं सांगायचं तर मला वाचायला लावलं ते त्या नियमाने.

शिकवलं मात्र पाटीवाल्याच्या पोराने. शाळा सुटली की आम्ही दोघं दुकानादुकानांसमोर उभे. तो म्हणाला, "हे बघ, माझे बाबा पाटी रंगवताना आधी वरची रेघ मारतात. लांबच्या लांब. मग तिला खाली एकेक अक्षर टांगतात. तू वरती बघूच नको. खाली काय लटकलंय ते बघ." दोरीवर कपडे वाळत घालतात ना, तसं ते मला दिसायला लागलं. पिठाची गिरणी. केशकर्तनालय. सायकल भाड्याने मिळेल. तो विचारायचा, मी सांगायची, चुकलं की तो सरळ म्हणायचा, "ए वेडे, परत बघ." त्याला दया वगैरे काही माहीत नव्हती. बरंच झालं. त्या पोराने मला एकदाही 'ढ' म्हटलं नाही आणि एकदाही 'शाब्बास' म्हटलं नाही.

पण पाट्यांवर चित्रं असायची. न्हाव्याच्या पाटीवर कात्री, सायकलवाल्याच्या पाटीवर सायकल. मला स्वतःचाच भरवसा वाटेना. मी पुन्हा चित्रंच वाचत असले तर?

त्याचा निकाल रेशनच्या दुकानावर लागला. दुकानदार दारात एक फळा टांगायचा. त्यावर खडूने लिहिलेलं रोज वेगळं. बायका डबे घेऊन सकाळपासून रॉकेलच्या रांगेत उभ्या असायच्या आणि त्यांतल्या बहुतेकींना वाचता यायचं नाही. कोणीतरी येऊन सांगेपर्यंत उभ्या राहायच्या. एकदा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिथून जात होते. रांग पार नळापर्यंत आलेली. मी सवयीने फळ्याकडे बघितलं. वरची रेघ सोडली आणि खाली बघत गेले. रॉकेल. आज. मिळणार. नाही. मी पुन्हा बघितलं. तेच. फळ्याला ना चित्र, ना मागून ओरडणारा वर्ग.

मी रांगेतल्या पहिल्या बाईला म्हटलं, "मावशी, रॉकेल आज मिळणार नाय, लिवलंय तिथे."

"चल गं, तुला काय कळतंय," ती म्हणाली.

"लिवलंय! वाचा ना!" मी अशी ओरडले की दुकानदार बाहेर आला. त्याने फळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बरोबर सांगते पोरगी. जा आता, परवा या." सगळी रांग शिव्या देत मोडली. काही बायकांनी मलाच शिव्या दिल्या, जणू रॉकेल मीच पिऊन बसले होते! मला इतका आनंद झाला होता की टेकडी मी धावत चढले. घरी आई पापड लाटत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग त्यात काय? तुला वाचता येतंच की." बिचारीला ठाऊकच नव्हतं, बाबांनी तिला गुण कमी पडले एवढंच सांगितलेलं.

तक्त्यावर मी तेच लिहिलं. सहा ओळी. रेशनच्या दुकानात फळा आहे. फळ्यावर रोज वेगळे असते. बायका उभ्या राहतात. त्यांना वाचता येत नाही. मी वाचून सांगते. मग त्या घरी जातात. दुकानापुढे उभं राहून लिहिलेलं, अक्षरं कुठे मोठी, कुठे बारीक, शेवटची ओळ तर उतरणीला लागलेली. पाटीवाल्याच्या पोराने बाजूला फळ्याचं चित्र काढलं. गटप्रमुखाने वर ठळक शीर्षक लिहिलं आणि खाली तिघांची नावं. बाईंनी माझ्या सहा ओळी दोनदा वाचल्या. मग मला टेबलाशी बोलावून पुस्तकातला न झालेला धडा काढला आणि चित्रावर हात ठेवला. मी अडखळत अडखळत पानभर वाचलं. बाई म्हणाल्या, "आता वार्षिकची काळजी करू नकोस." मी घरी जाऊन आईला सांगितलं, गावाला जायचं रद्द.

आणि मग आली तपासणी. बीट ऑफिसर, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, येणार. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. आठ दिवस आधीपासून भिंती पुसल्या जात होत्या, नखं कापली जात होती. आदल्या दिवशी मोठे गुरुजी वर्गात आले. हातात तोच कागद. पहिल्या सत्रातला. त्यांनी नावं वाचली आणि म्हणाले, "उद्या ह्या मुलांनी यायचं नाही. कोणी विचारलं तर आजारी होतो म्हणायचं."

शरम वाटली नाही त्यांना. इतकं सहज म्हणाले, जसं उद्या सुट्टी आहे म्हणतात. आणि ही काही आमच्यापुरती गोष्ट नव्हती, दरवर्षीची रीत होती! रिकाम्या जागी चौथीतली चुणचुणीत मुलं आणून बसवायची, म्हणजे वर्ग भरलेला दिसतो. ज्यांची मोठी भावंडं ह्याच शाळेत शिकलेली, त्या मुलांना हे आधीच माहीत होतं. ती खूश होती, आयती सुट्टी.

बाई उठून म्हणाल्या, "सर, ही वाचते आता. मी स्वतः ऐकलंय."

"यादी झालेली आहे, बाई," मोठे गुरुजी म्हणाले. "एकीसाठी रिस्क घ्यायची नाही. साहेबांसमोर अडखळली म्हणजे?"

बाई खाली बसल्या. त्यांची नोकरी कायम नव्हती हे मला आज कळतं. पण बाई, तुम्ही अजून एक वाक्य बोलायला हवं होतं. एकच.

मी दुसऱ्या दिवशी गेले. का जाऊ नये? ताप नव्हता, खोकला नव्हता, आणि मला वाचता येत होतं. आईने तेल लावून घट्ट वेण्या घातल्या. फाटकात मोठे गुरुजी उभे होते. त्यांनी काही न बोलता माझा दंड धरला आणि मला दुधाच्या खोलीत नेलं. शाळेत मुलांना दूध मिळायचं, त्या बाटल्यांचे क्रेट ठेवायची ती खोली, आमच्या वर्गाला लागून. माझ्यासारखी आणखी तीन मुलं तिथे आधीच बसवलेली. "आवाज नाही पाहिजे," म्हणाले, आणि बाहेरून कडी लावली. आंबट दुधाचा वास अजून नाकात आहे माझ्या.

भिंतीला वरती झरोका होता. वर्गातलं सगळं ऐकू येत होतं. साहेबांचा आवाज चांगला होता, प्रेमळ. ते म्हणाले, "हा तक्ता छान आहे. वाचून दाखवा बघू कोणीतरी." आणि गटप्रमुखाने वाचायला सुरुवात केली. रेशनच्या दुकानात फळा आहे. फळ्यावर रोज वेगळे असते. माझ्या सहाही ओळी तिने ठणठणीत वाचल्या. "मी वाचून सांगते" हेसुद्धा.

"तू वाचून सांगतेस बायकांना?" साहेबांनी विचारलं.

मग ती म्हणाली, "हो सर."

"वा वा! शाब्बास!" साहेब म्हणाले, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी क्रेटवर चढून ओरडायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही. मी आठ वर्षांची होते आणि मला मोठ्या गुरुजींची भीती वाटत होती. ह्याचाही राग आहे मला, माझा मलाच.

दुसऱ्या दिवशी बघितलं तर तक्ताच नवीन. साहेब यायच्या आधीच मोठ्या गुरुजींनी गटप्रमुखाकडून तो पुन्हा लिहून घेतला होता. सगळा एकाच अक्षरात. खाली दोघांचीच नावं. ती मला म्हणाली, "ए, मला सरांनीच सांगितलं गं. तुला आजारी दाखवलंय ना, मग तुझं नाव कसं घालणार?" पाटीवाल्याचा पोरगा तिच्याशी वर्षभर बोलला नाही. मी बोलले. आठ वर्षांची पोर ती, तिने तरी काय करावं? जुना तक्ता कुठे आहे म्हणून मी विचारत फिरले. शिपाई म्हणाला, त्याने तो कपाटाच्या तळाशी अंथरला.

मार्चमध्ये बाईंची मुदत संपली आणि त्या गेल्या. तिसरीची तोंडी परीक्षा मोठ्या गुरुजींनी घेतली. पहिली रांग झाली, मधली झाली, आणि शेवटच्या रांगेशी येऊन ते म्हणाले, "तुमचं झालं." काय झालं? आम्हाला उभंसुद्धा केलं नाही! पहिल्या सत्राचे गुण त्यांनी तसेच पुढे उतरवून टाकले. काम संपलं.

निकालाच्या दिवशी बाबा ड्युटीवर होते. आई पापडाचं पीठ मळत होती. म्हणाली, "काय लिवलंय, वाच."

मला खोटं सांगता आलं असतं. आईला काय कळणार होतं? मी प्रगतिपुस्तक उघडलं. लाल शाईने लिहिलं होतं. मी वाचलं, न अडखळता, "वाचन येत नाही. त्याच इयत्तेत ठेवावे."

आई थांबली. "परत वाच."

मी परत वाचलं.

"हे तू वाचलंस?"

"हो."

"पुस्तकातलं पाठ केलेलं नाय ना?"

म्हणजे तिलाही कधीतरी कळलं होतं तर! कोणी सांगितलं, कधी सांगितलं, देव जाणे. मी म्हटलं, "आई, हे आजच दिलंय गं. पाठ कधी करणार?"

तिने हात धुतले, पदर खोचला आणि मला घेऊन टेकडी उतरली. आई शाळेत कधीच यायची नाही. मोठ्या गुरुजींच्या ऑफिसात तिला कोणी बस म्हटलं नाही. ते म्हणाले, "निकाल वर गेलाय. आता बदलता येत नाही." तो बदललाही नाही, हे आत्ताच सांगून टाकते. जूनमध्ये मी पुन्हा तिसरीतच बसले. गावाला मात्र गेले नाही. बाबांनी विषय काढला तेव्हा आईने त्यांना असं काही सुनावलं की त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

पण त्या दिवशी ऑफिसात मोठ्या गुरुजींनी आईपुढे शाईचा डबा सरकवला. "वाचल्याचा अंगठा लावा इथे, पालकाच्या सहीच्या जागी."

आई अंगठा पुढे करणार, एवढ्यात तिचं लक्ष गुरुजींच्या डोक्यावरच्या भिंतीकडे गेलं. तिथे काचेच्या चौकटीत एक कागद लावला होता, मोठ्या सुंदर अक्षरात लिहिलेला. अक्षर मी ओळखलं, आमच्या गटप्रमुखाचं.

"ते काय गो?" आईने मला विचारलं. "वाच."

मोठे गुरुजी म्हणाले, "तो साहेबांचा शेरा आहे. त्याच्याशी तुमचा संबंध नाही."

"वाच म्हटलं ना," आई म्हणाली.

मी वाचलं. जोडाक्षरांशी थोडी थांबले, पण वाचलं. "इयत्ता तिसरीच्या सर्व विद्यार्थ्यांना उत्तम वाचता येते."

बाहेर शिपाई स्टूल ओढत होता.

"सर्व म्हणजे सगले ना, गुरुजी?" आईने विचारलं. "मग ही पण त्यात आली. आणि ह्या पुस्तकात लिवलंय, हिला येत नाय."

"अहो बाई, ते वेगळं आणि हे वेगळं. तुम्हाला नाही कळायचं."

"मला नाय कळत," आई म्हणाली. "मला अक्षर नाय येत." तिने प्रगतिपुस्तक त्यांच्यासमोर उघडून ठेवलं, वर त्यांचंच लाल पेन ठेवलं आणि शाईच्या डब्याला झाकण लावलं. "दोनातलं एक खोडा, गुरुजी. मग मारते आंगठा."

आम्ही बराच वेळ उभ्या होतो. त्यांनी पेन उचललं नाही.